उसना दहा

बंदर बंद. आज तिसरा दिवस.
धक्क्यावर लाल झेंडा फाटेस्तोवर फडफडतोय
आणि माझी दुसरी-तिसरीची अकरा मुलं
चिलोएच्या पाच बेटांवर
सांडलेल्या वाटाण्यांसारखी.

वादळाआधीच्या शेवटच्या होडीनं
पिशव्या पाठवल्या होत्या मी :
चार कागद, एक रंगखडू,
बाहेरून प्लास्टिकची दोन वेष्टनं,
आणि सगळ्यात वर, घरच्यांसाठी चिठ्ठी.

ती तीनदा लिहिली.
पहिल्यांदा झालं सरकारी परिपत्रक.
दुसऱ्यांदा इतकी गोड झाले
की माझी मलाच चीड आली.
मग लिहिलं :

या आठवड्यात वजाबाकी. बावन्नातून सतरा.
दोनातून सात जात नाहीत,
तर शेजारच्या घरातून एक दहा उसना घ्यायचा.
चुकू द्या. खोडरबर लपवून ठेवा.
अडलं तर फोनवर बोला, मी ऐकते.

रेंज मिळते फक्त दफनभूमीच्या टेकाडावर.
दोन बेटांवर तीही नाही.
तिथं होडीवाला एराल्दो निरोप तोंडी नेतो,
आणि त्याच्या तोंडून माझी वजाबाकी
काय होऊन पोचते, देव जाणे.

शनिवारी बेलार्मिनो रेमोल्कोय यांचा आवाज आला.
आइलेनचे आजोबा. वाचता येत नाही,
चिठ्ठी नातीनंच वाचून दाखवलेली.
आधी वारा. मग कुत्रं.
मग टेकाड चढून आलेला श्वास, बराच वेळ.
मग :
"बाई, पोरीचं उत्तर पस्तीस आलंय. असेल बरोबर.
पण तो दहा
परत कधी करायचा?
ती म्हणते, करायचाच नसतो.
आमच्यात मीठ उसनं आणलं
तरी वाटी रिकामी जात नाही माघारी.
हे काय शिकवताय तुम्ही?"

एकोणीस वर्षं शिकवतेय. कुणी विचारलं नव्हतं.

मी तो प्रश्न तसाच्या तसा सगळ्या घरी धाडला,
गृहपाठ, मोठ्यांसाठी.

मिल्यालोंकोंकडून : बटाटे निघाले की फेडू.
जाळी विणणारी ओर्फेलिना म्हणाली,
शेजारी पैसेवाला असेल तर राहू द्या.
एकानं नुसता फोटो पाठवला :
टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या,
तांबड्या लोकरीनं बांधलेल्या जुड्या,
एक जुडी सोडलेली.
आणि एक घर कधीच काही बोलत नाही.
त्यांची पिशवी येते धुराचा वास घेऊन,
सगळी गणितं बरोबर,
मोठ्या माणसाच्या अक्षरात.

एदुविनाचा निरोप रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
आइलेनची आई. खाडीपलीकडच्या
सामन माशांच्या कारखान्यात, रातपाळीला;
पंधरा दिवसांनी एकदा घरी, तेही बंदर उघडं असलं तर.
मागं यंत्राची घरघर.
"बाबांना सांगा, तो दहा उसना नव्हताच.
बावन्न सगळे आपलेच की.
तो नुसता
शेजारच्या घरात राहत होता."
थोडं थांबून :
"बाई, पस्तीस तिनं बोटांवर केले
की मनात?"

मला माहीत नव्हतं.
कुठलं पान, कुठला धडा, कधीपर्यंत,
सगळं लिहीत आले होते, हातचं न राखता,
आणि बाईला हवं होतं एवढंच.

सोमवारी आइलेनला टेकाडावर बोलावलं.
म्हटलं, एकसष्टातून चोवीस, मोठ्यानं कर.
ती बोलत गेली, मी ध्वनिमुद्रण करत गेले,
आणि तसंच, न कापता, पाठवलं पलीकडे.
चाळीस सेकंद.
अकराव्या सेकंदाला ती चुकते.
मग काहीच नाही, फक्त वारा,
मग तिच्यामागून एक खरखरीत आवाज :
"आण की शेजारून. आपलंच घर आहे."

बोटांवर करते. ओठ हलवत.
एवढंही लिहिलं आईला.

मंगळवारी झेंडा उतरला तर
सगळ्यांनी होडीबरोबर तांबडी लोकर पाठवावी,
हातभर पुरे.
जुड्या बांधायच्या आहेत.